खत नव्हे, खात

नमस्कार मंडळी. आजचा शब्द नीट ऐका: खात. शेतात टाकतो ते खत नव्हे, खात. एका झुडपाचा कोवळा पाला. येमेन, इथिओपिया, सोमालिया, केनिया या पट्ट्यात माणसं तो गालात धरून तासन् तास चघळतात, आपल्याकडे तंबाखूचा बार भरतात तसा. झोप उडते, भूक मरते, जीभ सैल सुटते.

माझी न् त्याची गाठ पडली 2011 साली, लंडनच्या साउथॉलमध्ये, हरतालिकेच्या दिवशी. मी चुलतभावाकडे उतरलो होतो. दुसऱ्या दिवशी गणपती, आणि नैवेद्याला केळीची पानं नाहीत. वहिनी म्हणाली, "भावजी, कोपऱ्यावर बघून या बरं." गेलो. एका सोमाली दुकानात खोकंभर हिरव्यागार केळीच्या पानांच्या गुंडाळ्या! तीन पौंडाला एक. महाग वाटल्या, पण बाप्पाचं काम, दोन घेतल्या. घरी सोडून बघतो तर पान वीतभर, आणि आत लालसर देठांची जुडी. वहिनीनं वास घेतला. "माठ दिसतोय, जरा जूनच आहे. मला उपास, तुम्हा दोघांना रात्रीला होईल." आणि बसली की लसूण ठेचायला! तेवढ्यात शेजारच्या पंजाबी आजी डबा परत द्यायला आल्या. त्यांनी जुडी बघितली आणि काही न बोलता आधी गॅस बंद केला.

(तिथला चहा, जाता जाता सांगतो, फक्त या आजींच्या घरी प्यावा. बाकीचे कपात पिशवी बुडवतात आणि त्याला चहा म्हणतात.)

जुड्या घेऊन परत गेलो. दुकानदार पोट धरून हसला. पैसे दिले, वर पानंही ठेवून घ्या म्हणाला. पाला केनियाहून विमानानं येतो, दोन दिवसांत त्याचा जोर उतरतो, म्हणून ओला राहायला केळीचं पान. मागं पडदा होता. पडद्याआड गालिचे, चहाचे थर्मास, भिंतीला टेकलेले दहाबारा पुरुष आणि डोळे चुरचुरवणारा सिगारेटचा धूर. अशा बैठकीला ते मफरिश म्हणतात. आणि तिथं कौन्सिलचा, म्हणजे नगरपालिकेचा माणूस, टेप लावून मागच्या दाराची रुंदी मोजत होता! मी विचारलं, खातसाठी आलात? म्हणाला, "छे! धुरासाठी. आणि आग लागली तर बाहेर कुठून पडणार, त्यासाठी."

ही गंमत लक्षात घ्या. खात तेव्हा कायदेशीर होता. पुन्हा सांगतो, कायदेशीर. बंद जागेत सिगारेट ओढायला जुलै 2007 पासून बंदी, पण खात चघळायला नाही. म्हणजे कौन्सिलच्या हातात काय? धूर, दार, फुटपाथवरचा देठांचा कचरा. गालातल्या पाल्याला हात लावता येत नव्हता.

सोमाली बायका मात्र सांगत होत्या, नवरा पहाटे घरी येतो, दिवसभर झोपतो, पैसा तिकडंच जातो. बंदी घाला म्हणून त्यांच्यातल्याच कितीतरी जणी पुढं आल्या. सरकारच्या तज्ज्ञ समितीनं जानेवारी 2013 मध्ये उलट सल्ला दिला: बंदीइतका पुरावा नाही, गावपातळीवर, त्या समाजात जाऊन काम करा. एप्रिलपासून व्यसनमुक्तीचं कामही कौन्सिलांकडं आलं. आणि जुलैत गृहमंत्री थेरेसा मे यांनी बंदी जाहीर करून टाकली! नेदरलँड्सनं आधीच बंदी घातली होती, आता चोरटा माल इथून जाईल ही धास्ती. 24 जून 2014 पासून खात बंद. स्वतःपुरता सापडला तर पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा साठ पौंड दंड, तिसऱ्यांदा अटक.

आपल्याकडं 2012 पासून गुटख्याला बंदी आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीला ती अजून कळायची आहे, असो. मला विचाराल तर त्या टेपवाल्याबरोबर सोमाली बोलणारी एक बाई द्यायला हवी होती, आणि तिला बसायला एक खोली. ती बायकांशी बोलली असती.

मध्यंतरी पुन्हा गणपतीतच साउथॉलला गेलो. त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. वहिनीनं पानं फ्रीजरमधून काढली.