घर त्यांचं, दिवस आपले

श्रोतेहो, नमस्कार.

बंद कपाटातून घडीची चादर काढली, झटकली, आणि पांढरी भुकटी अंगावर आली. कपाटाला कुलूप होतं. खोलीचं दार लावलेलं होतं. काम चाललं होतं पलीकडच्या बाथरूममध्ये. तरीही फरशी कापल्याची धूळ दाराखालून, कपाटाच्या फटीतून आत शिरली आणि चादरीच्या अगदी आतल्या घडीत जाऊन बसली. ही माझ्याच भाड्याच्या घरातली गोष्ट. घरमालकांनी बाथरूम नव्यानं करायला घेतलं होतं. "आठ दिवसांचं काम आहे, जरा सांभाळून घ्या," एवढंच आमचं बोलणं झालं होतं. मी "बरं" म्हटलं. काम पाच आठवडे चाललं.

मालकांनी मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. कॉन्ट्रॅक्टरनं त्यांना आठ दिवस सांगितले, त्यांनी मला सांगितले. पण ते आठ दिवस खरे असणं शक्यच नव्हतं, आणि थोडं विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी ते कळलं असतं. म्हणून आज तुमच्याशी बोलायचं आहे ते या विचारण्याबद्दल. घर मालकाचं, काम मालकाचं, हे सगळं मान्य. पण त्या धुळीत आणि आवाजात जाणारे दिवस आपले असतात. त्यांचा हिशेब मागणं म्हणजे उद्धटपणा नाही.

काय विचारायचं? "किती दिवस लागतील?" हा प्रश्न फारसा कामाचा नाही. "कशानंतर काय करणार?" असं विचारा. बाथरूमचंच बघा. आधी जुन्या टाइल्स उखडायच्या, राडारोडा खाली न्यायचा. मग भिंती फोडून पाइप बदलायचे. त्यावर प्लास्टर. सिमेंटच्या प्लास्टरवर निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, नाहीतर ते तडकतं. मग वॉटरप्रूफिंग. ते सुकलं की जमिनीवर पाणी तुंबवून २४ ते ४८ तास ठेवायचं आणि खालच्या छताला ओल येते का ते पाहायचं. त्यानंतर फरशी, सांधे भरणं, नळ, कमोड. म्हणजे नुसत्या सुकण्याथांबण्यातच आठ दिवस संपले. हा क्रम मालकांच्या तोंडून किंवा मुकादमाच्या तोंडून एकदा वदवून घेतला, की त्यांच्याही लक्षात येतं की आठ दिवस हा आकडा कुठून तरी हवेतून आलेला आहे. आणि पाणी तुंबवून बघायचं राहिलं, घाईनं फरशी बसवली, तर वर्षभरात हेच सगळं पुन्हा उखडतं. त्या वेळीही घरात आपणच असतो.

क्रम कळला की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. पाणी कोणत्या दिवशी बंद राहणार? संडास किती दिवस वापरता येणार नाही, आणि तेवढे दिवस सोय काय? घरात एकच संडास असेल तर हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत हातोडा पडू देऊ नका. एक नळ चालू, एक खोली कोरडी आणि बंद, एवढं तरी शेवटपर्यंत शाबूत राहिलं पाहिजे. ती एक खोली म्हणजे त्या महिन्यापुरतं आपलं घर.

आता धूळ. तिच्याबद्दल बोललं की "थोडी धूळ तर होणारच" असं ऐकायला मिळतं. पण प्रत्येक धूळ सारखी नसते. काँक्रीट, विटा, टाइल्स, ग्रॅनाइट यांत सिलिका, म्हणजे वाळूतलं खनिज, असतं. कटर कोरडा चालवला की त्याचे इतके बारीक कण उडतात की ते दिसतही नाहीत. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. फुप्फुसात खोल जाणारे कण १० मायक्रॉनपेक्षाही लहान. ते तासन् तास हवेत तरंगत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं कामाच्या ठिकाणच्या या सिलिकेला १९९७ मध्ये कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. आपण चार-पाच आठवडे या धुळीत असतो, कटर हातात धरणारा माणूस वर्षानुवर्षं असतो. त्याच्या फुप्फुसांना सिलिकोसिस, म्हणजे या धुळीनं होणारा आजार, जडला तर तो बरा करणारं औषध नाही. म्हणून कटरवर पाण्याची धार ठेवायला सांगा, तुमच्यासाठी आणि त्याच्यासाठीही. पाण्यानं धूळ जागच्या जागी बसते. चिखल होतो, तो पुसता येतो.

संध्याकाळी कारागीर गेल्यावर आपण झाडू घेतो, तीही चूक. कोरड्या झाडण्यानं बसलेली धूळ परत उडते. ओल्या फडक्यानं पुसा, बादलीतलं पाणी दोन-तीनदा बदला. दाराच्या चौकटीला जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीनं लावून घ्या, आणि दाराखाली ओला टॉवेल गुंडाळून ठेवा. कामाच्या खोलीची खिडकी उघडी, आपल्या खोलीची बंद. मास्क वापरायचा तर एन९५ वापरा. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवत नाही.

जुन्या घरात आणखी दोन गोष्टींकडे नीट बघा. एक म्हणजे जुना रंग. त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेनं घरगुती रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद केलं, बऱ्याच देशांत तो नियम त्याच्या कितीतरी नंतर आला. मुलांच्या रक्तात शिशाचं अमुक इतकं प्रमाण सुरक्षित, असं काही नसतं. लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर जुना रंग कोरडा घासू देऊ नका, आणि घासकामाच्या दिवसांत त्यांना दुसरीकडे ठेवा. दुसरी गोष्ट ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे आणि पाइप. ते जागेवर धड असतील तोवर धोका कमी. फोडले, कापले, त्यांना भोकं पाडली की तंतू सुटतात, आणि त्यांचा आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी वर येतो. असा पत्रा काढायचा असेल तर ते काम जाणणाऱ्या माणसानंच काढावा. इथे मालकांना स्पष्ट "थांबा" म्हणायला मुळीच संकोच करू नका.

आवाजाचं गणित थोडक्यात सांगते. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास, ही कामाच्या ठिकाणी मानली जाणारी मर्यादा. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. बंद खोलीतला ब्रेकर, म्हणजे भिंत-फरशी फोडायचं यंत्र, १०० डेसिबलच्या आसपास जातो, म्हणजे फक्त पंधरा मिनिटं. फोडाफोडी कोणत्या वेळेत होणार ते आधी ठरवून घ्या. घरात रात्रपाळीचं माणूस असेल, तान्हं बाळ असेल, तर ते मालकांना आपण सांगितल्याशिवाय कसं कळणार?

काम सुरू होण्याआधी मोबाइलवर प्रत्येक खोलीचे फोटो काढा. भिंती, छत, फरशी, दारं, आणि तुमचं स्वतःचं सामान. ते मालकांना त्याच दिवशी पाठवून ठेवा. पुढे डिपॉझिटच्या वेळी "हा ओरखडा कुणाचा?" हा प्रश्न निघतोच. नहाणी ट्रॅपचं, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीचं, तोंड पिशवीनं बांधून घ्या, कारण सिमेंटचं पाणी आत गेलं की ते दगडासारखं बसतं, आणि तुंबल्याचा दोष महिन्याभरानं भाडेकरूवर येतो.

भाडं नुसत्या भिंतींचं नसतं, तिथे नीट राहता येण्याचं असतं. हे तत्त्व अनेक देशांच्या कायद्यांत आहे. इंग्लंडच्या १९८५ च्या कायद्याप्रमाणे मालकाला घराची अवस्था पाहायला यायचं तरी निदान २४ तास आधी लेखी कळवावं लागतं. जर्मनीत आधुनिकीकरणाचं काम, त्याचं स्वरूप, सुरुवात आणि अंदाजे मुदत तीन महिने आधी कळवावी लागते. तुमच्या भागातला कायदा आणि तुमचा करार काय म्हणतो ते वाचा. घर धड वापरता येत नव्हतं त्या दिवसांचं भाडं कमी करून मागा, लेखी मागा. मात्र न विचारता भाडं थांबवू नका. त्यानं करार मोडल्याचा दोष आपल्यावर येतो आणि रास्त मागणी उगाच कमकुवत होते.

आणि "काम होईपर्यंत महिनाभर दुसरीकडे राहा" असं कुणी म्हटलं, तर परत येण्याची तारीख, तेच भाडं आणि त्या काळातल्या राहण्याचा खर्च कुणाचा, हे सहीनिशी हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका. दुरुस्तीसाठी बाहेर पडलेली माणसं परत आत येऊ शकली नाहीत, असं घडतं.

दोन वर्षांनी आमच्याच मालकांनी स्वयंपाकघर नव्यानं करायला काढलं. या वेळी मी कोरा कागद पुढे ठेवला. मालक, मुकादम आणि मी, तिघं ओट्याशी उभं राहून कामाचा क्रम आणि तारखा लिहायला लागलो. पहिल्यांदा मालक जरा नाराज दिसले. मग तेच मुकादमाला विचारायला लागले, "आणि हे सुकायला किती दिवस?" तो कागद आम्ही दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. एका संध्याकाळी घरी येऊन पाहते तर चौथ्या ओळीतली तारीख खोडून दोन दिवस पुढची घातलेली, आणि खाली पेन्सिलीनं मुकादमाच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "उद्या दुपारपर्यंत पाणी नाही. बादल्या भरून ठेवल्या आहेत."

नमस्कार.