शेवटची लाँच गेल्यावर

(दृश्य : घारापुरी, शेतबंदरचा धक्का. संध्याकाळ. परतीच्या लाँचवर चढणारी माणसं.)

साडेपाच वाजत आलेत. गेटवेला जाणारी शेवटची लाँच धक्क्याला लागलीय. खलाशी हाक देतोय, ‘चला, शेवटची, शेवटची!’ उन्हानं लाल झालेले चेहरे, खांद्यावर झोपलेली पोरं, हातात मण्यांच्या माळा आणि दगडी हत्ती. लेण्यांच्या पायऱ्यांवरच्या दुकानांवर ताडपत्र्या ओढल्या जातायत. माकडं कणसांच्या पाल्यात काही उरलंय का ते बघतायत.

लाँच लांब गेली तरी तिच्या इंजिनाचा आवाज पाण्यावरून बराच वेळ ऐकू येतो. मग तोही विरतो. पहिल्या महिन्यात या वेळेला माझ्या पोटात खड्डा पडायचा. आता उद्या सकाळपर्यंत कुठंच जाता येणार नाही, एवढंच डोक्यात यायचं. आज मी याच वेळेची वाट बघते. पाहुणे गेले की हे बेट इथल्या माणसांचं होतं.

(दृश्य : बेटाचा दूरवरून दिसणारा आकार, दोन टेकड्या.)

मी धाराशिव जिल्ह्यातली. घरी कोरडवाहू शेती, ज्वारी आणि सोयाबीन. उन्हाळ्यात गावात टँकर येतो. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या निमित्तानं. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर माझ्या नावापुढं रायगड जिल्हा परिषद आलं, पुढं उरण तालुका आणि त्यापुढं घारापुरी. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं, महिना 16 हजार मानधन. वडिलांनी नकाशावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘इथं रस्ता कुठून जातो?’

रस्ता जात नाही. उरणच्या मोरा धक्क्यावरून किंवा न्हाव्याहून होडीनं यायचं, नाहीतर मुंबईत गेटवेला जाऊन तासाभराची लाँच. बेट तीन गावांचं : शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. उरणचं मोरा वेगळं आणि बेटावरचं मोराबंदर वेगळं, हे मला पहिल्याच दिवशी फोनवर दोनदा समजावून सांगावं लागलं होतं. हजार-बाराशे वस्ती. बहुतेक आगरी-कोळी. जगाला हे ठिकाण एलिफंटा म्हणून माहीत आहे. सहाव्या शतकाच्या आसपास कोरलेली लेणी, वीस फुटांच्या जवळपास उंचीची महेशमूर्ती, 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत नाव. मलाही एवढंच माहीत होतं. लेण्यांच्या पलीकडं माणसं राहतात, त्यांची मुलं शाळेत जातात आणि त्या शाळेला बाई लागतात, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

(दृश्य : शाळेची खोली. फळ्यावर तारीख. चार वर्गांची मुलं एकाच सतरंजीवर.)

पहिली ते चौथी एकत्र. पहिल्या दिवशी मी हजेरी घेतली आणि म्हटलं, ‘गप बसा, काय गोंधळ करायलाव?’ सगळा वर्ग हसला. ‘करायलाव’ हा शब्द त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी निबंधाच्या वह्या तपासायला घेतल्या. एका वहीत लिहिलं होतं, ‘माझे बाबा होरीतून जातात. शालेला पानी नाय.’ मी लाल पेन उघडलं आणि तसंच मिटलं. आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’. त्या मुलानं चूक केलीच नव्हती. त्याच्या घरात जसं बोलतात तसं त्यानं लिहिलं होतं. मीही गावाकडच्या शाळेत असंच लिहिलं होतं, आणि त्यावर ओढलेली लाल रेघ मला अजून आठवते. त्या दिवसापासून फळ्याचे दोन भाग झाले. एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. मुलांनी नंतर तिसरा भागही मागितला : ‘बाईंच्या गावचा’.

हिशेबात ही मुलं तरबेज. रविवारी, सुट्टीत आईबरोबर दुकानावर बसतात, कैऱ्या, काकड्या, बोरं विकतात. पाचशेच्या नोटेतून मोड किती द्यायची ते क्षणात सांगतात. तीच वजाबाकी वहीत आली की हातचा अडतो. मग मी वहीतच दुकान मांडलं.

(दृश्य : सोमवार. रिकाम्या पायऱ्या. बंद फाटक.)

सोमवारी लेणी बंद असतात. पायऱ्यांवर एक माणूस दिसत नाही. खाली धक्क्याजवळची ती छोटी आगगाडी उभीच असते. पायऱ्यांवर डोली उचलणारे काका सोमवारी पाय पसरून जाळं विणत बसतात. आठवडाभर डोक्यावर दोन-तीन हंडे घेऊन पर्यटकांच्या फोटोत उभ्या राहणाऱ्या बायका सोमवारीही हंडे उचलतात, पण त्या दिवशी हंड्यात घरचं पाणी असतं. बेटावर पावसाचं पाणी अडवणारं छोटं धरण आहे. उन्हाळा सरत येतो तशी पाण्याची चिंता वाढते. चहूबाजूंनी पाणी आणि प्यायला मोजून. पहिल्यांदा हंडा घेऊन रांगेत उभी राहिले तेव्हा मला कुणी काही शिकवावं लागलं नाही. चुंबळ कशी वळायची, काठोकाठ भरलेला हंडा न हिंदकळता कसा न्यायचा, हे मी दहाव्या वर्षापासून जाणते. शेजारच्या काकी बघत होत्या. म्हणाल्या, ‘बाय तर आपल्यातलीच हाय.’ बेटावर माझी पहिली ओळख झाली ती त्या रांगेत, शाळेत नव्हे.

(दृश्य : राजबंदरातलं घर, चूल, तांदळाची भाकरी.)

काकींनी मला तांदळाची भाकरी शिकवली. ज्वारीचं पीठ थंड पाण्यात मळून थापलं तरी चालतं. तांदळाला उकड काढावी लागते, नाहीतर कडा फुटतात. वीज येण्याआधीची गोष्टही त्यांनीच सांगितली. संध्याकाळी तीन-साडेतीन तास जनरेटर चालायचा, मग अंधार. समोर मुंबईचे दिवे रात्रभर लखलखत असायचे आणि इकडं पोरं चिमणीवर अभ्यास करायची. 2018 च्या फेब्रुवारीत समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल आली आणि बेटावर कायमची वीज आली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. काकींच्या घरात तेव्हा घेतलेला फ्रीज आहे. त्याच्यावर अजून पहिल्या दिवसाची हळद-कुंकवाची बोटं दिसतात.

(दृश्य : जूनचं आभाळ. ओढून ठेवलेल्या होड्या.)

मे महिन्याच्या शेवटी घराघरात एकच शब्द ऐकू यायला लागला : आगोट. पावसाळ्याआधी भरून ठेवायचं सामान म्हणजे आगोट. तांदूळ, डाळी, मीठ-मसाला, गॅसची टाकी, सुकट, सुके बोंबील, जवळा, शिवाय लाकडं. काकींनी मला यादीच दिली. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, आणि समुद्र खवळला की लाँचही बंद. माझ्या गावी पावसाची वाट बघत माणसं आभाळाकडं तोंड करून बसतात. इथं तोच पाऊस दार लावून घेतो. एका सकाळी मला उरणला केंद्रशाळेत बैठकीला जायचं होतं. धक्क्यावरचे काका पाण्याकडं बघत म्हणाले, ‘बाय, आज होरी नाय सुटाची. पानी बघ.’ मी पाणी बघितलं. मला ते कालच्यासारखंच दिसलं. दुपारी वारा असा सुटला की समोरचा अटल सेतू आणि न्हावाशेवाच्या क्रेन काही काही दिसेना. त्या दिवसानंतर ‘पाणी बघ’ म्हणजे काय बघायचं, ते मी रोज कुणाला तरी विचारत गेले. रंग कसा आहे, फेस कुठं येतोय, वारा कुठल्या बाजूचा. अजूनही पूर्ण येत नाही.

(दृश्य : रात्र. कंदिलासारखा हलणारा बॅटरीचा उजेड, चिखलात टेकलेली होडी.)

नागपंचमी आली. आमच्याकडं हा लेकींचा सण. झाडाला झोके बांधतात, सासुरवाशिणी माहेरी येतात, रात्रभर गाणी होतात. मला जाता आलं नाही. दोन दिवस ताप अंगात होता, त्या रात्री तो इतका चढला की मी काय बोलतेय ते मलाच कळेना. अकरा वाजले असतील. काकी माझ्या उशाशी, काका बाहेर अंगणात. उरणच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, पण होडी चिखलात बसलेली. ओहोटीला खाजणाचा गाळ दूरवर उघडा पडतो. त्यात पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत रुततो. काका म्हणाले, ‘पंचमी हाय. पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला भरलेलं पानी. दीडला होरी उठेल.’

दीडला होडी उठली. मला खुर्चीसकट उचलून चौघांनी होडीत ठेवलं. पाऊस थांबला होता, वारा पडलेला. काकींनी त्यांची कोरी नऊवारी माझ्या अंगावर घातली होती. तिला सुकटीचा आणि धुराचा वास होता. त्या वासानं मला आईची आठवण झाली. आईच्या घरात सुकट कधी आलेली नाही, तरी झाली. मोऱ्याला उतरलो तेव्हा काकांनी रिक्षावाल्याला झोपेतून उठवलं. पाच दिवसांनी मी परत आले तर माझ्या खोलीसमोरच्या आंब्याला झोका बांधलेला. पंचमी होऊन गेली होती. काकी म्हणाल्या, ‘तुमच्यात बांधतात ना?’ तापात मी काय काय बडबडले होते ते त्यांनी ऐकलं होतं.

(दृश्य : फळ्यावर तिथ्या आणि वेळा. मुलं बोटांवर मोजतायत.)

बरं झाल्यावर मी काकांना विचारलं, ते ‘पाच पाऊण’ काय होतं? कोकणातल्या माणसांना हे पाठ असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसाही आणि रात्रीही. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे, आणि त्या दिवसांत पाणी सर्वात वर चढतं, त्याला उधाण म्हणायचं. अष्टमीच्या आसपास पाण्याची चढउतार कमी, तो भांग. हिशेब ढोबळ आहे, वेळ थोडी इकडंतिकडं होते, पण होडी बाहेर काढायला पुरतो.

पाऊणकी! माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, दीडचे पाढे, सगळं तोंडपाठ होतं. बाजारात धान्य मोजताना ते पुटपुटायचे. मी बी.ए., डी.एड. केलं, पण पाऊणकी मला कुणी शिकवली नाही, मीही कधी विचारलं नाही. ती मला या बेटावर होडीच्या कडेला भेटली. दुसऱ्या दिवशी काकांना शाळेत बोलावलं. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली, फळ्यापाशी उभे राहिले आणि एकापासून पंधरापर्यंत पाऊणकी म्हटली. मुलं मागून म्हणत होती. चौथीची मुलगी उठून म्हणाली, ‘बाई, म्हणजे तीन छेद चार!’ अपूर्णांक शिकवायला मी आठवडाभर कागदाच्या भाकऱ्या कापत होते.

काका चौथीपर्यंतच शिकलेले. आता दर सोमवारी, लेणी बंद असतात तेव्हा, ते येतात. कधी जाळ्याची गाठ शिकवतात, कधी वाऱ्यांची नावं.

(दृश्य : भायखळा, राणीची बाग. दगडी हत्ती.)

ऑक्टोबरात मुलांना मुंबईला नेलं. राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी एक काळा दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायला उचलला, तो पडून फुटला, आणि त्याचे तुकडे मुंबईत आणून जोडले. मुलं बराच वेळ त्याच्याभोवती फिरली. पहिलीतल्या एकानं मला विचारलं, ‘याला परत कधी नेयाचा?’ मला उत्तर देता आलं नाही. मी तो प्रश्न वहीत लिहून ठेवला, त्याच्याच शब्दांत.

(दृश्य : गेटवे. तिकिटांची खिडकी. दुपार.)

दिवाळीला गावी गेले. आठ दिवस ज्वारीची भाकरी खाल्ली, शेतात गेले, आईशी भरपूर बोलले. रात्री झोप लागेना. फार शांत वाटायचं, पाण्याचा आवाज नव्हता.

परत येताना सामान बरंच होतं : आईनं दिलेल्या शेंगा, काकींसाठी पाच किलो ज्वारी, वर्गासाठी आजोबांची जुनी उजळणी, जिच्यात पाऊणकी आहे. गेटवेला तिकिटाच्या खिडकीत नेहमीचा माणूस नव्हता. नव्यानं विचारलं, ‘परतीचं तिकीट ना?’

मी म्हटलं, ‘परतच चाललेय. जायचं एकच द्या.’

लाँच शेतबंदरला लागली तेव्हा पाणी धक्क्याच्या पायऱ्यांखाली होतं, चढत होतं. चौथीची मुलगी धक्क्यावर उभी. पिशवी घेण्याआधी तिनं विचारलं, ‘बाई, आज किती वाजता भरती?’

कार्तिक शुद्ध अष्टमी. आठ पाऊण सहा.

(दृश्य : धक्का, चढतं पाणी. पडदा हळूहळू काळा.)