मोरचूद, भांगलण आणि पानातला इलेक्ट्रॉन

(निपाणी भागातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, लिहून काढताना थोडं आटोपशीर केलेलं.)

मंडळी, इथं बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरी मोरचूद असणार. बोर्डो, म्हणजे बुरशीवर फवारायचं मिश्रण, करायचा म्हणजे मोरचूद आणि चुना आलाच. मोरचुदाचा निळा रंग तांब्याचा. तांब्याचाच एक निळा पदार्थ तुमच्या उसाच्या पानातही आहे म्हटलं, तर लोक माझ्याकडे संशयानं बघतात. प्लास्टोसायनिन त्याचं नाव. साकाए कातो या जपानी संशोधकानं १९६० साली क्लोरेला नावाच्या शेवाळात तो पहिल्यांदा दाखवला. शंभरेक अमिनो आम्लांचं लहानसं प्रथिन, आणि त्याच्या पोटात तांब्याचा एकच अणू.

पण निळाई कसली! तेवढ्याच तांब्यामागे मोरचुदाच्या पाण्यापेक्षा हे प्रथिन शेकडो पट जास्त प्रकाश शोषतं. मोरचुदाच्या पाण्यात तांब्याभोवती नुसतं पाणीच असतं. इथं त्याला प्रथिनातली चार अमिनो आम्लं, म्हणजे दोन हिस्टिडिन, एक मेथिओनिन आणि एक सिस्टीन, धरून बसलेली असतात. साधारण ६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा नारिंगी प्रकाश पडला, की सिस्टीनच्या गंधकाकडचा इलेक्ट्रॉन तांब्याकडे झेपावतो. नारिंगी असा गिळला गेला, की आपल्या डोळ्यांना उरतो निळा. आणि याच तांब्याला दुसऱ्या प्रथिनाकडून एक इलेक्ट्रॉन मिळाला, की सगळा रंग उडतो. म्हणजे निळा असेल तर हात रिकामे, बिनरंगी असेल तर इलेक्ट्रॉन हातात. इलेक्ट्रॉन कुणी बघितलेला नाही, पण तो आला आणि गेला हे रंगावरून कळतं. वर्णपटशास्त्राचं, म्हणजे शोषलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याचं, पानातलं बरंचसं काम या एका गोष्टीवर चालतं.

पान उन्हावर अन्न बनवतं तेव्हा इलेक्ट्रॉन असा एका वाहकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो. प्लास्टोसायनिनला तो देतं सायटोक्रोम एफ नावाचं प्रथिन. त्याच्यात लोह असतं. पुढे इलेक्ट्रॉन जातो पी-७०० कडे, म्हणजे ७०० नॅनोमीटरला रंग बदलणाऱ्या खास हरितद्रव्याकडे. तिथून प्रकाशाच्या जोरावर फेरेडॉक्सिन या पुढच्या वाहकाकडे.

अडचण अशी, की या एकेका वाहकामागे पानात हरितद्रव्याचे शेकडो रेणू असतात. त्या हिरव्या गर्दीत निळा दिसणार कसा? तो शोधत बसायचंच नाही. प्रकाशाचा झोत टाकायचा आणि आधीच्या नि नंतरच्या मोजणीत फरक किती पडला तेवढाच बघायचा. हरितद्रव्याचा मोठा भाग आहे तसाच राहतो, वजाबाकीत तो निघून जातो. उरतो हजारातला एखादा भाग, आणि तोच आपल्या कामाचा.

या पद्धतीचा सगळ्यात देखणा वापर, माझ्या मते, डच शास्त्रज्ञ लुई डायसेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, १९६१ सालचा. त्यांनी एका लाल शेवाळावर ६८० नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकला. सायटोक्रोमचा इलेक्ट्रॉन गेला. वर ५६० चा हिरवा प्रकाश टाकला. इलेक्ट्रॉन परत आला. एक प्रकाश काढून घेतो, दुसरा भरतो. म्हणजे यंत्रणा एक नाही, दोन, आणि त्या एकामागे एक जोडलेल्या. मग त्यांनी डीसीएमयू नावाचं रसायन घातलं. आता हिरवा प्रकाश टाकला तरी भरणं बंद. दोन यंत्रणांमधला रस्ताच तुटला.

हे डीसीएमयू म्हणजे डायुरॉन. उसात वापरतात तेच तणनाशक. भांगलणीला माणूस मिळेना म्हणून आपण अॅट्राझिन मारतो, तेही नेमकी तीच जागा अडवतं: इलेक्ट्रॉन भरणाऱ्या यंत्रणेतल्या डी-१ प्रथिनाचा एक खिसा. तण उपासमारीनं मरतं असं बरेच जण समजतात, ते तितकंसं खरं नाही. वाट अडल्यावर हरितद्रव्यात कोंडलेली ऊर्जा ऑक्सिजनला घातक रूप देते आणि पेशीची पटलं जळतात. ऊस वाचतो तो अॅट्राझिनचं पेशीतच निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करतो म्हणून.

आता पान तोडायचीही गरज नाही. ७८० ते ९५० नॅनोमीटरच्या अवरक्त पट्ट्यात हरितद्रव्य जवळजवळ पारदर्शक असतं. इलेक्ट्रॉन गमावलेले पी-७०० आणि प्लास्टोसायनिन मात्र तिथं शोषण दाखवतात. चिमट्यात पान धरायचं, चार-पाच तरंगलांबींवर मोजायचं आणि गणितानं दोघांना वेगळं करायचं. उभ्या उसावरही हे होतं.

अॅट्राझिनला न जुमानणारं तण पहिल्यांदा अमेरिकेत १९७० साली नोंदलं गेलं. अशा बऱ्याच तणांत डी-१ प्रथिनातलं २६४ क्रमांकाचं अमिनो आम्ल सेरीन जाऊन तिथं ग्लायसीन आलेलं असतं. एवढ्या एका बदलानं औषध खिशात बसत नाही. पण त्याच जागी इलेक्ट्रॉन पुढे सरकण्याचा वेगही मंदावतो, आणि औषध न मारलेल्या रानात ही तणं साध्या तणापुढे बहुधा मागे पडतात.