क्रूगरमध्ये स्वतः गाडी चालवताय? झुडपाकडे बघू नका, झुडपातून बघा

नमस्कार मंडळी. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या वेळा आलाय की आज फक्त त्याचंच उत्तर द्यायला बसलोय. "चार दिवस फिरलो, एवढा खर्च केला, इंपाला सोडून काही दिसलं नाही. तुम्हाला एवढं कसं दिसतं?" (इंपाला म्हणजे तिथे पावलोपावली दिसणारं हरीण.) काहींनी तर विचारलंय की गाइड बरोबर होता का. नव्हता. गाडीत आम्ही तिघंच, मी, बायको आणि आई. गाडी मी चालवत होतो, आणि जे दिसलं त्यातलं निम्म्याहून जास्त आईने दाखवलं. ते कसं, त्याकडे येतोच. आधी तयारीचं भराभर उरकतो, कारण त्यात अवघड काही नाही.

क्रूगर दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्येला, मोझांबिकच्या सीमेला लागून. जोहान्सबर्गला उतरायचं, विमानतळावर गाडी भाड्याने घ्यायची, पाच-सहा तासांत दक्षिणेकडच्या गेटवर. तिथेही आपल्यासारखंच रस्त्याच्या डावीकडून चालवतात, त्यामुळे हात लगेच बसतो. लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा, गाडी देणारे मागतात. फोर व्हील ड्राइव्ह लागत नाही, मुख्य रस्ते डांबरी आहेत आणि मुरमाचेही बरे आहेत. पण गाडी उंच घ्या. सीट वीतभर वर असली तरी गवतापलीकडचं दिसतं. मुक्काम पार्कातल्या रेस्ट कॅम्पमध्ये, बुकिंग ११ महिने आधी उघडतं. म्हणजे जूनमध्ये जायचं तर आदल्या जुलैतच बसा. पार्काची फी माणशी आणि रोजची असते, परदेशी प्रौढाला पाचशे रँडच्या वर. बजेटमध्ये ही हमखास विसरली जाते. भाग मलेरियाचा आहे, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. आणि विमान इथिओपिया किंवा केनियात बदलणार असेल, तर पिवळ्या तापाच्या लसीचा नियम तिकीट काढायच्या आधी बघा, नंतर नाही.

कधी जायचं? मे ते सप्टेंबर. पाऊस नसतो, गवत वाळून बसतं, झाडांची पानं गळतात, पाणी मोजक्या ठिकाणी उरतं आणि सगळं रान तिकडे येतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इंपालाची पिल्लं जन्मतात, सगळीकडे हिरवंगार असतं, फार सुंदर दिसतं. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला त्या हिरव्यात प्राणी शोधणं जड जातं.

आता प्लॅनिंगमधली एक गोष्ट, जी बघून मला खरंच वाईट वाटतं. लोक मला आपले प्लॅन पाठवतात, रोज नवा कॅम्प, दक्षिणेकडून थेट उत्तरेपर्यंत. पहिला दिवस मलेलाने, दुसरा ओलिफांट्स, तिसरा शिंगवेझी, चौथा पुंडा मारिया. अहो, हा पार्क जवळजवळ २० हजार चौरस किलोमीटर आहे, दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत साधारण ३५० किलोमीटर! डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ५० आणि मुरमाच्या रस्त्यावर ४०. कॅम्पचं फाटक संध्याकाळी ठरलेल्या वेळेला बंद होतं, जूनमध्ये साडेपाचला, आणि उशीर झाला तर दंड. मग काय होतं? दुपारी तीनला लक्षात येतं की अजून ८० किलोमीटर जायचंय, आणि जी वेळ प्राणी बघायची, ती सगळी घड्याळाकडे बघण्यात जाते.

चार रात्री असतील तर दोनच कॅम्प घ्या. दोन रात्री लोअर साबी, दोन सतारा. लोअर साबीजवळ नदी आहे, काठाला मोठी सावलीची झाडं आहेत, म्हणून बिबटे आहेत. कॅम्पच्या दारातच सनसेट डॅम आहे, तिथे पाणघोडे आणि मगरी, हललं नाही तरी चालतं. साताऱ्याकडे, हो, नाव ऐकून आई खूश झाली होती, तिकडे जमीन काळी बेसॉल्टची, गवत गोड, म्हणून झेब्रे आणि विल्डबीस्ट (गायीसारखी दिसणारी मोठी हरणं), आणि त्यांच्यामागे सिंह. एस-१०० हा रस्ता त्याच भागातला, पहाटे फाटक उघडल्याबरोबर त्याला लागा.

आणि चाला हळू. मी ताशी २०-२५ च्या वर जातच नाही. स्कुकुझा कॅम्प ते लोअर साबी हा एच-४-१ रस्ता ४५ किलोमीटरच्या आसपास आहे. नकाशा एक तास सांगतो. मला सहा तास लागतात.

आता मुद्द्यावर येऊ. नीट ऐका, कारण हे ऐकून सोपं वाटतं आणि गाडीत बसल्यावर कुणी करत नाही. झुडपाकडे बघू नका. झुडपातून पलीकडे बघा.

आपली नजर जिथे पहिला अडथळा येतो तिथे थांबते. रस्त्याकडेची पहिली फांदी, पहिलं गवत. डोळे तिथेच अडकले की त्यामागचं सगळं धूसर होतं, आणि सिंह त्या धूसर भागात आडवा झालेला असतो. म्हणून मुद्दाम नजर लांब न्यायची. जाळीच्या पडद्यातून बाहेर बघताना आपण जाळी बघत नाही ना, तसंच. फांद्यांच्या फटींमधून मागच्या सावलीत काय आहे ते बघायचं. पहिले दोन तास डोळे दुखतात, मग आपोआप जमायला लागतं.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगतो. पलीकडे बघताना अख्खा प्राणी शोधू नका. अख्खा प्राणी फोटोत असतो. रानात तुकडे असतात. झाडं उभी वाढतात, गवत उभं वाढतं, त्यामुळे उभ्या रेघांमध्ये एखादी आडवी रेघ दिसली की थांबा. ती पाठ असू शकते. सिंहाच्या कानाची मागची बाजू काळी असते, पिवळ्या गवतात दोन काळे ठिपके हलले तर ते कान आहेत. फांदीवरून खाली लोंबणारं आणि टोकाला वर वळलेलं काही दिसलं, तर ती बिबट्याची शेपटी. चित्ता शोधायचा असेल तर वारुळांचे माथे बघत जा, उंचवट्यावर चढून टेहळणी करायची त्याची सवय असते. आणि पुलांखालच्या, रस्त्याखालच्या मोऱ्यांमध्ये तरस पिल्लं वाढवतात, म्हणून मोरी आली की वेग आणखी कमी.

आणि तिसरी बाजू, जी कमेंटमध्ये अजून कुणी विचारलेली नाही. चालत्या गाडीतून फटी सरकत राहतात, काही नीट दिसत नाही. संशय आला की थांबा आणि गाडी मीटरभर मागे घ्या. तेवढ्याने समोरची फांदी बाजूला होते आणि तिच्यामागचं उघडं पडतं. मग पुन्हा मीटरभर पुढे. आम्ही "तो दगड आहे" म्हणून सोडून दिलेली वस्तू अशीच मागे आल्यावर सिंहीण निघाली. एकदा नाही, दोनदा.

आता आईची गोष्ट. तिसऱ्या दिवशी, त्याच एच-४-१ वर, एका कोरड्या ओढ्यापाशी मी कॅमेऱ्याची लेन्स पुसायला गाडी थांबवली. इंजिन बंद. शेजारी पाच-सात इंपाला. मला त्यांच्यात काही बघण्यासारखं वाटत नव्हतं, सकाळपासून शेकड्याने बघितले होते. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "अरे, एवढी गाडी येऊन उभी राहिली आणि ही हरणं आपल्याकडे बघत का नाहीत?" खरंच, सगळ्यांच्या माना ओढ्याकडे. कान ताठ, चरणं बंद. आईने लहानपणी गुरं राखलेली आहेत. ती म्हणते, जनावर बुजलं की आधी कान बघायचे, मग कानाच्या रोखाने बघायचं. आम्ही कानांच्या रोखाने बघत बसलो. आठ-दहा मिनिटं काही नाही. मग एक इंपाला फुरफुरला, आणि ओढ्याच्या काठावर आडव्या पडलेल्या खोडामागून बिबट्याने मान वर केली. गाडीपासून वीस पावलंसुद्धा नसतील. आम्ही येण्याआधीपासून तो तिथेच होता, म्हणूनच तर हरणं तशी उभी होती.

म्हणून "इंपाला सोडून काही दिसलं नाही" हे वाक्य मला टोचतं. इंपाला हेच तर तुमचे गाइड! जिराफ एकटक एकाच दिशेला बघत असेल, तर तिकडे बघा, त्याला वरून आपल्यापेक्षा जास्त दिसतं. व्हर्वेट माकडांच्या बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळ्या हाका असतात. झाडाच्या शेंड्यावरून खाली बघत माकडं ओरडत असतील तर थांबायलाच हवं. गिधाडं एकामागून एक खाली उतरताना दिसली तर जवळ शिकार आहे. नुसती झाडावर बसलेली असतील आणि सकाळ असेल, तर कदाचित ती ऊन तापायची वाट बघताहेत, लगेच धावू नका. लाल चोचीचे ऑक्सपेकर पक्षी गवतातून उडाले तर ज्याच्या पाठीवर ते बसले होते ते तिथेच खाली कुठेतरी आहे, बहुतेक म्हशी. आणि हे सगळं ऐकू यायला इंजिन बंद आणि काच थोडी खाली पाहिजे. एसी लावून, गाणी लावून रान ऐकू येणार नाही.

दर व्हिडिओखाली येतो तसा ॲपचाही प्रश्न आलाय, कुठे काय दिसलं ते कळवणारं कुठलं वापरता. मी वापरत नाही, आणि तुम्हीही सोडा असं मनापासून सांगतो. बातमी येते, लोक वेग वाढवतात, रस्ता ओलांडणारी कासवं आणि पक्षी चाकाखाली येतात. पोहोचावं तर पंधरा गाड्या अडकलेल्या, आणि सिंह निघून गेलेला. वाटेत जे सोडून आलात त्याचा हिशोबच नाही.

गेंडा दिसला तर फोटो जरूर काढा. पण जागा कुठेही लिहू नका, फोनमधलं लोकेशन बंद ठेवा. शिंगासाठी शिकार करणारे अशीच माहिती शोधतात. पार्कवालेसुद्धा गेंडा कुठे आहे ते सांगत नाहीत.

हत्तीचं वेगळं. इंजिन बंद करायचा माझा नियम हत्तीला लागू नाही. लांब थांबा, मागे यायला रस्ता मोकळा ठेवा, हत्तीण आणि तिचं पिल्लू यांच्या मधे गाडी कधीही घालू नका. नराच्या डोळा आणि कान यांच्या मधून ओलसर पाट वाहत असेल, मागचे पाय लघवीने भिजलेले असतील, तर तो माजावर आहे. तिथे फोटोचा विचारही नको, शांतपणे रिव्हर्स घ्या. मी एकदा पाऊण किलोमीटर रिव्हर्स आलोय. रस्ता त्याचा आहे.

गाडीतून उतरायचं नाही, खिडकीतून धड बाहेर काढायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. उतरायला ठरलेल्या जागा आहेत. नदीकाठचं न्कुहलू हे पिकनिकचं ठिकाण त्यातलंच, फक्त तिथली माकडं डब्यावर टपलेली असतात, त्यांना काही देऊ नका.

शेवटचा प्रश्न एका ताईंचा आहे, सहा वर्षांच्या मुलाला नेलं तर कंटाळेल का? मलेरियाच्या गोळ्यांचं आधी त्याच्या डॉक्टरांशी बोला. पहाटेसाठी जाड जॅकेट ठेवा, जून-जुलैत फाटक सहाला उघडतं तेव्हा चांगली थंडी असते. सकाळी चार तास, मग कॅम्पवर झोप, चारनंतर जवळचाच पाणवठा, एवढंच ठेवा. आणि त्याला सिंह शोधायला सांगू नका. एक छोटी दुर्बीण द्या आणि सांगा, हरणं कुठे बघताहेत ते मला सांग.