हावड्याचा पूल: नट नाही, बोल्ट नाही

नमस्कार मंडळी! मुंबई-हावडा मेल किंवा गीतांजली पकडून तुमच्यापैकी बरेच जण कलकत्त्याला गेले असतील, स्टेशनच्या बाहेर पाय टाकला की टॅक्सीवाल्यांच्या गर्दीच्याही आधी नजरेत भरतो तो हा पूल. आज त्याच्याबद्दलच बोलू.

आधी तिथं १८७४ सालचा तरंगता पूल होता, म्हणजे पाण्यावर तराफे आणि त्यावर रस्ता. जहाज आलं की मधला तुकडा बाजूला सरकवायचे, आणि तोवर बैलगाड्या, माणसं सगळी खोळंबलेली. नवा पूल करायचा तर नदीत खांब नकोत, गाळ साचेल, जहाजांना आडवे येतील. मग काय केलं? तर आपली घराची गॅलरी कशी, एका बाजूने भिंतीत धरलेली आणि दुसरी बाजू हवेत, तशाच दोन काठांवरून दोन गॅलऱ्या नदीवर पुढं काढल्या, प्रत्येकी ४६८ फूट. राहिलेल्या फटीत ५६४ फुटांचा मधला तुकडा त्या दोघींच्या टोकांना टांगला. झाले १५०० फूट आणि पाण्यात एकही खांब नाही! गॅलऱ्या पुढं कोसळू नयेत म्हणून त्यांची मागची टोकं काठावर पक्की जखडलीत. आणि आपण चालतो तो रस्तासुद्धा वरच्या सांगाड्याला लोखंडी दांड्यांनी लटकवलाय, म्हणून भरलेली बस गेली की पायाखाली हलकं थरथरतं. मला तर पहिल्यांदा जरा धस्सच झालं होतं.

स्टील लागलं साधारण २६,५०० टन, त्यातलं २३,००० टन टाटांचं, जमशेदपूरहून आलेलं. आणि अख्ख्या पुलात नट-बोल्ट नाही, सगळं रिव्हेट, म्हणजे तापवून ठोकलेले गोल डोक्याचे जाड खिळे, मारून जोडलंय. कठड्याजवळच्या खांबावरून हात फिरवून बघा, रंगाचे थरावर थर चढलेत तरी रिव्हेटची गोल डोकी ओळीनं हाताला लागतात, पाठीवर घामोळं यावं तशी.

३ फेब्रुवारी १९४३ ला पूल सुरू झाला पण वाजंत्री नाही की फीत नाही, जपानी बॉम्बची भीती होती ना, म्हणून रात्री गुपचूप एक ट्राम सोडली आणि झालं उद्घाटन. १९६५ मध्ये नाव रवींद्र सेतू ठेवलं, पण कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, तो हावडा ब्रिजच म्हणणार.

जपानी बॉम्बने नाही पण पानाने मात्र या पुलाला पिडलं बरं का! पिचकारीतला चुना आणि बाकीचं रसायन, दांड्यांच्या बुडाचं लोखंड झिजायला लागलं, शेवटी त्यावर फायबरची टोपणं बसवावी लागली. मी पुलावर एका काकांना मल्लिक घाटाचा फुलबाजार कुठं म्हणून विचारलं, त्यांनी मान वर करून नुसत्या हातानेच खाली दाखवलं. तोंड भरलेलं होतं हो पानाने.