चार कॅरेट मिरची आणि उजनीचं पाणी

(पहाट. चिखलाचा काठ, टेकवलेली बोट.)

हा कळाशीचा काठ. तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. समोर धुक्यात दिसतंय ते कुगाव, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. मधे उजनीचा फुगवटा.

1980 साली भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं आणि नदीपलीकडचा शेजार दूर गेला. रस्त्याने जायचं तर भिगवणवरून नाहीतर टेंभुर्णीवरून वळसा. सोयरीक, दवाखाना, बाजार मात्र समोरच्याच काठावर राहिले.

(फळीवरून मोटारसायकल चढते.)

बोट भरणं बघा. आधी मोटारसायकली. एकजण हँडल धरतो, दुसरा मागून रेटतो, फळी मधोमध वाकते. मग दुधाचे कॅन, तेही मधेच, म्हणजे बोट एका अंगाला कलत नाही. कॅरेट त्यांच्या भोवतीने. मक्याच्या पेंढ्या सगळ्यांत वर. माणसं शेवटी, जागा उरेल तिथे.

केळीची मोठी बाग असेल तर व्यापाऱ्याची गाडी थेट बांधावर येते. चार कॅरेट मिरचीसाठी टेम्पो कोण पाठवणार? वळशाच्या भाड्यातच मिरची संपते. या बोटीचं खरं गिऱ्हाईक तेच, थोडक्या मालाचं.

(कॅरेट डोक्यावर घेतलेल्या बाया, घोटाभर गाळ.)

117 टीएमसीच्या या धरणात निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्याचं, म्हणजे कालव्याला न निघणारं, तळाचं. म्हणून उन्हाळ्यात वापराचा साठा संपून उजनी उणेमध्ये गेली तरी बोटीपुरतं पाणी राहतं. काठ मात्र रोज खाली सरकतो. कालची फळी आज कोरड्यात. मग माल डोक्यावर घ्यायचा आणि गाळ तुडवत पाण्यापर्यंत जायचं. पाय घसरला की एक कॅरेट गेलं, म्हणजे दिवसाची मजुरी गेली.

(रिकामं पाणी. आवाज नाही.)

21 मे 2024. संध्याकाळच्या वादळात कुगावहून कळाशीला येणारी बोट बुडाली. सहा जण गेले.

(बोट पुन्हा.)

इंदापूरकडच्या शिरसोडीपासून कुगावपर्यंत पूल मंजूर झाला आहे. तो व्हायलाच हवा. पण माल आज काढणीला आलाय. पाण्याबरोबर खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांचा पक्का धक्का आणि बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट, एवढं पुलाच्या आधी करता येतं.

(इंजिनाचा आवाज.)

मिरचीवर ओलं पोतं टाकलंय. काठावरचा पोरगा फळी ओढून घेतो. ऊन चढायच्या आत हा माल बाजारात लागायला हवा.