सैन्याने ‘नाही’ म्हटलं, मग हा युद्धपट झाला कसा?

नमस्कार मंडळी! दुपारचे साडेतीन वाजलेत आणि माझ्यामागची ही खिडकी बघा, दिवस मावळलासुद्धा. टाम्पेरेचा डिसेंबर असाच असतो. आज 6 डिसेंबर, फिनलंडचा स्वातंत्र्यदिन. संध्याकाळी सहाला खिडक्याखिडक्यांत दोन-दोन मेणबत्त्या लागतील. त्याआधी दुपारी टीव्हीवर एक जुना कृष्णधवल सिनेमा लागतो. 2000 सालापासून यूले ही इथली सार्वजनिक वाहिनी तो दर वर्षी याच दिवशी दाखवते. सिनेमा 1955 चा, लांबी जवळजवळ तीन तास, नाव ‘तुन्तेमातोन सोतिलास’. मराठीत ‘अज्ञात सैनिक’.

मी तो पहिल्यांदा शेजारच्या आजींच्या घरी पाहिला. त्या वेळी माझं फिनिश जेमतेम दुकानात सामान मागण्यापुरतं होतं. आजींनी कॉफी ठेवली, चांदणीच्या आकाराची जॅम भरलेली डिसेंबरातली पेस्ट्री पुढे केली आणि सिनेमा सुरू झाला. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, पडद्यावरचा माणूस तोंड उघडायच्या आधी आजींचे ओठ हलतायत. त्यांना संवाद तोंडपाठ होते. तेव्हापासून मी या सिनेमाच्या मागे लागले. तो बनला कसा, हे आज तुम्हाला सांगायचंय.

सुरुवात इथूनच होते, माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर.

[स्क्रीनवर: फिनलेसन गिरणीच्या लाल विटांच्या इमारती]

ही फिनलेसन कापडगिरणी. ज्याच्या कादंबरीवर हा सिनेमा बनला, तो वॅइनो लिन्ना इथे यंत्रं दुरुस्त करायचा. शेतमजुरी करून 1938 मध्ये टाम्पेरेला आलेला पोरगा. मग युद्ध आलं. सोव्हिएत संघाविरुद्धचं 1941 ते 1944 चं युद्ध, ज्याला फिन्निश लोक ‘पुढे चालू राहिलेलं युद्ध’ म्हणतात, कारण 1939-40 च्या हिवाळ्यातलं एक आधी होऊन गेलं होतं. लिन्ना मशीनगन तुकडीत होता. परत आला, पुन्हा गिरणीत लागला, आणि पाळी संपली की लिहायला बसायचा. 1954 च्या डिसेंबरात कादंबरी आली ती एका मशीनगन कंपनीतल्या साध्या शिपायांची. ते भुकेले असतात, वैतागतात, साहेबांना उलट बोलतात आणि तरीही लढतात. पुस्तकावरून देशात केवढा गदारोळ झाला! अधिकाऱ्यांचं असं चित्र काहींना सहनच होईना. प्रकाशकाने आधीच बरंच काही कापलेलं होतं. ती न कापलेली संहिता छापून यायला 2000 साल उजाडावं लागलं.

सार्क्का नावाच्या निर्मात्याने लगेच सिनेमा करायचं ठरवलं. टी. जे. सार्क्का म्हणजे त्या काळातलं मोठं प्रस्थ, त्याच्या स्टुडिओने आयुष्यभरात दोनशेहून जास्त सिनेमे काढले. दिग्दर्शक एदविन लाइने, मूळचा नाटकवाला. पुस्तक आलं 1954 च्या डिसेंबरात आणि सिनेमा पडद्यावर आला 23 डिसेंबर 1955 ला. हातात एक वर्ष, तीन तासांचा युद्धपट, आणि सैन्याने मदत द्यायला नकार दिलेला.

जरा विचार करा. युद्धपट करायचाय. रणगाडे हवेत, तोफा हव्यात, ओळीने चालणारे शेकडो शिपाई हवेत. यातलं काय स्टुडिओच्या गोदामात सापडणार? त्यात बाहेरचं वारंही नाजूक होतं. हेलसिंकीजवळचा पोर्क्कालाचा तळ अजून सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात होता. तो परत मिळाला जानेवारी 1956 मध्ये, सिनेमा लागल्यानंतर.

मग लाइनेच्या मंडळींनी काय केलं? युद्धात फिनलंडच्या सैन्याबरोबर कॅमेरावाले असायचे आणि त्यांनी आघाडीवर केलेलं खरं चित्रण शिल्लक होतं. त्यातले तुकडे घेऊन सिनेमात जोडले. आता तुम्ही पाहाल तेव्हा एक करा. मोठा भडिमार सुरू झाला की कथेकडे थोडं दुर्लक्ष करा आणि नुसत्या चित्राच्या पोताकडे बघा. क्षणात ग्रेन, म्हणजे चित्रातले बारीक कण, जाड होतो, उजेड वेगळा पडतो, धूर जास्त दाट आणि बेशिस्त दिसतो. तो धूर खरा आहे. दुसऱ्या क्षणी आपण पुन्हा नटाच्या चेहऱ्यावर असतो. सगळं कृष्णधवल असल्यामुळे सांधा खपून जातो. रंगीत सिनेमात ही जोडणी इतकी बेमालूम जमली नसती.

मला मात्र यापेक्षाही मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. युद्ध थांबून तेव्हा अकराच वर्षं झाली होती. पडद्यावरच्या कितीतरी माणसांनी तो गणवेश आधी खरोखर घातलेला होता. रोक्का हे यातलं सगळ्यात लाडकं पात्र, कुणाच्या बापाला न जुमानणारा, शेतीवाडी असलेला शिपाई. तो साकारला रेइनो तोल्वानेनने, आणि तो स्वतः आघाडीवर लढून आलेला होता. अशा माणसाला बंदूक कशी धरायची हे कोण शिकवणार? खंदकात पाठ कुठे टेकायची, ओल्या गवतावर काडी कशी पेटवायची, हे त्यांच्या अंगात होतं. सगळेच काही तसे नव्हते. कडक लेहतोचं काम करणारा ओके लिंडमन वयाने लहान, 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फिनलंडच्या फुटबॉल संघात खेळलेला. पुढे तोच दिग्दर्शक झाला आणि म्हातारपणी स्वतः युद्धपट काढत राहिला.

आणि भाषा! ही मला उशिरा कळली. कादंबरीतले शिपाई वर्गात शिकवतात तसलं फिनिश बोलतच नाहीत. रोक्का कारेलियाच्या संयोगभूमीतली बोली बोलतो, आणि ती भूमी युद्धानंतर देशाच्या हातातून गेली. तिथल्या लोकांना घरदार सोडून यावं लागलं. हिएतानेन हा दुसरा शिपाई नैर्ऋत्येकडचा, त्याचे शब्द अर्ध्यात तुटतात. म्हणजे रोक्का बोलतो तेव्हा थिएटरात बसलेल्या विस्थापितांना आपलं गेलेलं गाव ऐकू येत असणार. माझी आई घरी मालवणी बोलते. तिचा एक शब्द परक्या शहरात कानावर पडला की माझं काय होतं, हे मला ठाऊक आहे, म्हणून हे जास्त भिडलं.

सिनेमाची तिकिटं विकली गेली सुमारे 28 लाख. देशाची लोकसंख्या होती साधारण 42 लाख. आजवर तो विक्रम मोडलेला नाही.

लाइने इथेच थांबला नाही. टाम्पेरेत प्यूनिक्कीला तळ्याकाठी एक उघडं नाट्यगृह आहे. तिथे रंगमंच जागच्या जागी राहतो आणि प्रेक्षकांची अख्खी बैठक गोल फिरते! 1959 मध्ये ती बांधली. 1961 मध्ये लाइनेने त्याच जागी ही कथा नाटक म्हणून उभी केली, आणि ती 1969 पर्यंत उन्हाळ्यामागून उन्हाळे चालली. खरी झाडं, खरं तळं आणि तुमची खुर्ची लढाईच्या मागे मागे सरकतेय. तिथे बसून डोळे मिटले की अंगावर काटा येतो.

नंतर ही कथा आणखी दोनदा पडद्यावर आली. 1985 मध्ये राउनी मोल्बेर्गने ती रंगीत केली, बहुतेक तरुण, नाव नसलेली पोरं घेऊन, कॅमेरा हातात धरून. त्यांना युद्ध आठवणार कुठून? ते त्यांच्याकडून घोटून घ्यावं लागलं. मला हा सिनेमा दमवतो, आणि त्याला तेच करायचं होतं असं मला वाटतं.

तिसरा 2017 चा, आकू लोउहिमिएसचा, देशाच्या शंभराव्या वर्षी आलेला. या वेळी सैन्य मदतीला होतं. खर्च सुमारे 70 लाख युरो. एकाच टेकमध्ये 70.54 किलो टीएनटीच्या ताकदीचा स्फोट केला आणि गिनीज बुकात नोंद झाली. एका टेकमध्ये, म्हणजे चुकलं तर पुन्हा सगळं पुरायचं, तारा जोडायच्या, नटांना जागेवर उभं करायचं. ज्या देशात 1955 साली जुन्या फितीतून धूर उसना आणावा लागला, तिथे हे घडलं. दहा लाखांहून जास्त लोकांनी हाही पाहिला.

तो मी आजींबरोबर पाहिला, प्लेव्हना थिएटरमध्ये. प्लेव्हना म्हणजे फिनलेसन गिरणीचं विणकाम खातं, तिथे आता चित्रपटगृह आहे. लिन्ना ज्या गिरणीत पाना घेऊन फिरायचा, तिच्याच आवारात त्याची कथा बघत आम्ही बसलो होतो. लिन्नाचा चेहरा नंतर वीस मार्काच्या, म्हणजे युरोआधीच्या इथल्या चलनाच्या, नोटेवरही आला, 1993 मध्ये. आजींनी एक नोट जपून ठेवलीय.

[स्क्रीनवर: वीस मार्काची नोट]

बाहेर पडताना मी विचारलं, आवडला का? चांगलाय, म्हणाल्या, पोरांनी मेहनत घेतलीय. घरी आल्यावर त्यांनी जुना सिनेमा लावला, एका जागी थांबवला आणि मला टीव्हीजवळ बोलावलं. प्रसंग काहीच नव्हता. चालून दमलेले शिपाई रस्त्याकडेला बसलेत, मशीनगनची तिवई बाजूला टाकलीय, मागच्या रांगेतल्या एकाने कोपर गुडघ्यावर टेकून मान खाली घातलीय. त्याला एकही संवाद नाही.

आजींनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “माझे बाबा जेवण झाल्यावर पायरीवर अस्सेच बसायचे.”